पूजेतला निळा खोका

माझ्या पोटात दुखायला लागलं ते पोळ्यानंतरच्या आठवड्यात, कुरियरवाल्याने थर्माकोलचं खोकं आमच्या विभागातल्या टेबलावर आणून ठेवलं तेव्हा. खोक्यावर नाव तिचं होतं, विभागातल्या दुसऱ्या शिक्षिकेचं. बावीस वर्षं मी त्या टेबलामागे बसतोय. माझ्या नावाने तिथे आलेलं सगळ्यात मोठं पार्सल म्हणजे तपासायला आलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा.

आमचं कॉलेज बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बालाघाटाच्या उतारावर आहे. मी प्राणिशास्त्र शिकवतो. विभागप्रमुख म्हणून दारावर पाटी आहे, आणि त्या पाटीच्या हुकमतीत माणसं दोन. एक ती, दुसरे आमचे शिपाई मामा.

ती माझीच विद्यार्थिनी. शिरूर कासारकडची. आईबाप दर साली ऊसतोडीला जायचे, ही मुलींच्या वसतिगृहात राहून शिकली. पहिल्या वर्षी तिने प्रॅक्टिकलची वही दिली तेव्हा अक्षर असं होतं, की कोंबडी शाईत पाय बुडवून पानावरून गेली असावी. मी लाल पेनाने अख्ख्या वहीवर फुली मारली आणि म्हणालो, पुन्हा लिही. चौथ्या दिवशी तिने ती सगळी वही नव्याने लिहून आणली. मी परत लाल केली, तिने परत लिहिली. पुढे ती पुण्याला गेली, पीएचडी झाली. ती तिथेच राहिली असती तर मी गावभर सांगत हिंडलो असतो, की ही माझी विद्यार्थिनी. लांबच्या यशाचं कौतुक करणं सोपं जातं. पण ती परत आली, माझ्याच विभागात, शेजारच्या टेबलावर, आणि पोरांसमोर मला तिला मॅडम म्हणावं लागलं.

पीएचडी मलाही करायची होती. नोंदणी झाली होती, दीड वर्ष कामही झालं होतं. मार्गदर्शकांनी एक प्रयोग पुन्हा करायला सांगितला आणि मी चिडून जो निघून आलो तो आलोच. लोकांना सांगतो, घरची जबाबदारी होती. घरची जबाबदारी वगैरे काही नव्हती. एकच काम दुसऱ्यांदा करायचा मला कंटाळा होता, आणि तेच काम चारचारदा करणारी पोरगी आता माझ्या डोळ्यांसमोर बसत होती.

तर ते खोकं. तिने ते उघडलं तेव्हा मी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपराच्या वरून बघत होतो. आत बर्फाच्या पिशव्या, त्यांच्यात एक पाकीट, पाकिटात करंगळीच्या टोकाएवढी बाटली. मामांनी ती उजेडात धरून पाहिली.

“मॅडम, रिकामीच आली की वो.”

ती हसली आणि तळाशी दिसणारा पांढुरका डाग त्यांना दाखवला. ते माणसाचं प्रोटीन होतं. कोणा माणसाच्या अंगातून काढलेलं नव्हे. आपल्या पेशीत ते कसं बनवायचं याचा जो हुकूम लिहिलेला असतो तेवढाच उचलायचा, प्रयोगशाळेत वाढवलेल्या दुसऱ्या पेशींत बसवायचा, आणि त्यांच्याकडून तेच प्रोटीन तयार करून घ्यायचं. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, की हे फक्त संशोधनासाठी, माणसाला किंवा जनावराला देण्यासाठी नाही. मी तेवढ्यावर एक विनोद करून घेतला. म्हटलं, माणसाचंच, पण माणसाला चालत नाही, अगदी आमच्या संस्थेच्या नियमांसारखं. मामा हसले. ती हसली नाही, कारण ती तेव्हा तापमान लिहून घेत होती.

हे सगळं कशासाठी, तर पाण्यासाठी. आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषध म्हणतात. औषधाचा डबा रिकामा झाला की कोणी फेकत नाही. चांगला जाड प्लास्टिकचा, वीस लिटरचा, घट्ट बुचाचा डबा असतो. राखेने, निरम्याने चारदा धुतला, दोन दिवस उन्हात उपडा घातला, की झाला पाण्याचा. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला निघतात तेव्हा ट्रॅक्टरला असे डबे लटकलेले असतात, आणि पुढचे पाच महिने माणसं त्यातलंच पाणी पितात. तिच्या आईकडे असाच एक पांढरा डबा होता, तीन हंगाम वापरलेला. गेल्या हंगामात आईचे हात थरथरायला लागले होते, घाम फुटायचा, डोळ्यांना अंधुक दिसायचं. आई म्हणायची, वय झालं. लेकीला संशय डब्याचा होता.

आपल्या मज्जातंतूंमध्ये एक प्रोटीन असतं. एका मज्जातंतूने दिलेला निरोप पोचला, की तो पुसून टाकायचं त्याचं काम. फवारणीचं काही विष नेमकं त्यालाच जाम करतं. म्हणून तिने तेच माणसाचं प्रोटीन मागवलं होतं. नळीत डब्यातलं पाणी घ्यायचं, त्यात हे प्रोटीन टाकायचं, थोड्या वेळाने दोन थेंब रसायन. प्रोटीन जिवंत असेल तर पाणी हळद कालवल्यासारखं पिवळं होतं. विषाने त्याला गाठलेलं असेल तर रंग चढत नाही. एवढी सोपी गोष्ट. इतकी सोपी, की मला का सुचली नाही, हा विचार मला जेवताना यायचा आणि भाकरी तोंडात फिरायची.

आईला पटवण्याचंही तिने ठरवलेलं होतं. आई तिला म्हणाली होती, तुझ्या पुस्तकातलं मला कळत न्हाई, रंग दाखव, मग डबा सोडते. टोळी दसऱ्यानंतरच्या रविवारी निघणार होती. त्याआधी रंग दाखवायचा, एवढंच तिचं काम होतं.

तिने बाटलीतला तो डाग माझ्यासमोर पातळ करून वीस-बावीस इवल्या नळ्यांमध्ये वाटून ठेवला. एकदा विरघळलं की पुन्हापुन्हा गोठवायचं-वितळवायचं नसतं, आणि उबेत तर अजिबात ठेवायचं नाही. त्या नळ्या एका निळ्या खोक्यात घालून तिने आमच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवल्या. खोक्यावर मराठीत लिहिलं, ‘बाहेर काढू नये’. अक्षर मोत्यांसारखं. मी ते दोनदा वाचलं आणि मला वाटलं, हे अक्षर माझ्या लाल पेनातून आलंय, आणि याच्याकडे बघून कोणी माझं नाव काढणार नाही.

घरी तर दुसराच ताप. माझ्या बायकोला ती पोरगी पोटच्या लेकीसारखी. मी कॉलेजातून आलो की पहिला प्रश्न तिचा, ती जेवली का? धपाटे केले की चार तिच्यासाठी बांधून ठेवायचे, वर ठेच्याची पुडी. माझ्या डब्यातला ठेचा कमी झालाय हे मी बोलून दाखवलं, तर बायको म्हणाली, तुम्हाला पित्त आहे. पित्त होतंच, पण ते ठेच्याचं नव्हतं.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. आमच्याकडे नवमीला हत्यारांची पूजा होते. शेतकऱ्याची औतं, सुताराचा रंधा, कंडक्टरचं तिकिटाचं मशीन, सगळ्यांना हळदीकुंकू लागतं, झेंडूची फुलं वाहिली जातात. मग कॉलेजने काय घोडं मारलंय? दर वर्षी व्हरांड्यात मांडव घालून सगळ्या विभागांची साधनं मांडतात. आमचे सूक्ष्मदर्शक, रसायनवाल्यांचे तराजू, क्रीडाविभागाचा गोळा, कार्यालयाचं झेरॉक्स मशीनसुद्धा. संस्थेचे अध्यक्ष येऊन नारळ फोडतात. त्यांची जमीन मोठी, राजकारण त्याहून मोठं, त्यामुळे ते वेळेवर आले असं कधी कोणी पाहिलेलं नाही.

त्या वर्षी प्राचार्यांनी निरोप धाडला, की प्रत्येक विभागाने यंदाची नवी आणि भारी वस्तू पुढे ठेवावी, अध्यक्षांना दाखवता येईल. ती रजेवर होती. गावाकडे गेली होती, टोळीतल्या माणसांच्या डब्यांतलं पाणी बाटल्यांत भरून आणायला. मामांनी सूक्ष्मदर्शक पुसले, मांडले. मग डीप फ्रीजर उघडला आणि निळा खोका हातात घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

“सर, आपल्या विभागाचं नवं तर ह्येच हाय. ठिवू का पूजेत? मॅडमला बी बरं वाटंल.”

मी पेपर वाचत होतो. मी मान हलवली. पुढे कित्येक दिवस मी स्वतःला सांगत राहिलो, की ती मान होकाराची होती का नकाराची हे सांगणं कठीण आहे. ती होकाराची होती. मामांनी ती होकाराची म्हणूनच पाहिली आणि ते खोका घेऊन गेले.

अध्यक्ष अकरा वाजता येणार होते, ते दोन वाजता आले. तीन तास तो खोका मांडवात पुढच्या रांगेत होता. मामांनी भक्तीने झाकण उघडून ठेवलं होतं, नळ्यांवर एकेक झेंडूची पाकळी वाहिली होती, आणि शेजारी समई. आश्विनातलं ऊन मांडवाच्या फटीतून बरोबर तिथे पडत होतं. मी दोनदा तिथून गेलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा नळ्यांतला बर्फ वितळून पाणी झालेलं मला स्वच्छ दिसलं. अध्यक्षांनी विचारलं, हे काय? प्राचार्य म्हणाले, संशोधन. अध्यक्षांनी खोक्याला हळदीकुंकू लावून नमस्कार केला. मीही केला. नंतर मामांनी पाकळ्या काढल्या, खोका पुसला, आणि पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवून दिला.

मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी घरी पुरणपोळी पोटभर खाल्ली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली. पिशवीत पंधरा-सोळा बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. दुपारपासून तिने नळ्या मांडल्या. पहिल्या नळीत विभागातलं शुद्ध पाणी. त्यात रंग यायलाच पाहिजे, कारण त्यात विष नाही. रंग आला नाही. एक फिकट झाक आली, लिंबाचं सरबत फार पातळ झाल्यासारखी. बाकीच्या सगळ्या नळ्यांतही तेच. तिने नवं रसायन केलं, नळ्या धुतल्या, परत मांडल्या. रंग नाही. तिसऱ्यांदा मांडल्या. मी समोर बसून घटक चाचणीचे पेपर तपासत होतो आणि मला आतून गुदगुल्या होत होत्या. हे लिहायला लाज वाटते, पण होत होत्या. पुण्याची पीएचडी आणि साधं शुद्ध पाणी पिवळं करता येईना.

शुक्रवारी दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. डोळ्यांखाली काळं आलेलं.

“सर, माझाच हात बसंना. तुमी शिकवलेलं, सामानाला नाव ठिवू नये, आदी आपला हात तपासावा. तीन रोज झाले हात तपासायलेय. माझंच काईतरी चुकायलंय.”

पहिल्या वर्षाच्या पोरांना मी ते वाक्य दर साली ऐकवतो. काचेची नळी फुटली की पोरं नळीला शिव्या देतात, म्हणून. तिने ते इतकं मनावर घेतलं होतं, की प्रोटीनवर संशय घेणंही तिला कामचुकारपणा वाटत होता. मी म्हणालो, बघा मॅडम, होतं असं. ती म्हणाली, परवा टोळी निघते, आता आईला काही सांगता येणार नाही. मी पुन्हा म्हणालो, होतं असं.

घरी येऊन हातपाय धुतले आणि बायकोला सांगितलं, तुझ्या लाडकीचा प्रयोग फसला. आवाजात जे होतं ते बायकोला बरोबर ऐकू आलं. तिने कणीक मळता मळता विचारलं, कशाने? म्हटलं, प्रोटीन चालत नाही म्हणे. ती म्हणाली, मग आपल्यातलं घ्या की.

मला कळेना, आपल्यातलं म्हणजे काय. तिने ओल्या हाताने फ्रीजच्या वरच्या खणातून मटारची पिशवी बाजूला केली आणि एक स्टीलची डबी काढली. हळदीकुंकवाची असते तेवढी. तिच्यात कापसात ठेवलेल्या दोन इवल्या नळ्या होत्या आणि एक चिठ्ठी. अक्षर ओळखीचं. ‘जपून ठेवावे. सरांच्या घरी लाईट गेली तरी इन्व्हर्टर आहे, आणि घर आपलं आहे.’

“पोरगी गणपतीतच ठिवून गेलती,” बायको म्हणाली. “तुमाला सांगितलं असतं तर तुमी तोंड वाकडं केलं असतं.”

मी ती डबी हातात धरून उभा राहिलो. बोटं गारठली तेव्हा बायकोने ती काढून घेतली आणि परत मटाराखाली ठेवली. त्या रात्री मी जेवलो, पण काय वाढलं होतं ते विचारलं तर सांगता येणार नाही.

शनिवारी सकाळी डेअरीतून बर्फ घेतला, थर्मासमध्ये डबी रोवली आणि कॉलेज उघडायच्या आधी जाऊन बसलो. ती आली तेव्हा थर्मास पुढे केला. आणि म्हणालो,

“खोका नवमीला पूजेत ठेवला होता म्हणे. मामांनी.”

हे ‘म्हणे’ मी रस्त्याने येताना तयार करून आणलं होतं.

मामा झाडू घेऊन दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी थर्मासचं झाकण बघत होतो. मग त्यांनी झाडू खाली ठेवला आणि तिला म्हणाले, चुकलंच माझं, मला कावून सुचलं कुणास ठाऊक. मला विचारलं होतं हे त्यांनी सांगितलं नाही. ती त्यांच्या जवळ गेली, म्हणाली, मामा, पूजाच केलीत ना, वाईट तर काही केलं नाही. मग तिने घड्याळ पाहिलं आणि कामाला लागली.

दोन नळ्यांत सगळ्या बाटल्या होणं शक्य नव्हतं. तिने चारच निवडल्या. शुद्ध पाणी, गावच्या बोअरचं पाणी, शेजारणीच्या डब्यातलं, आईच्या डब्यातलं. आम्ही तिघं टेबलाभोवती उभे राहिलो. थेंब पडले. शुद्ध पाणी पिवळं झालं. बोअरचं झालं. शेजारणीचंही झालं, जरा उशिराने. आईच्या डब्यातलं पाणी तसंच राहिलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मामा वाकून वाकून बघत होते. तिने उरलेल्यातून तेच पुन्हा एकदा केलं आणि पुन्हा तेच झालं.

तिने चारही नळ्यांना बुचं लावली, रुमालात गुंडाळल्या आणि साडेअकराची एसटी गाठायला निघाली. बसस्टँडवरून एक नवा डबा विकत घेणार होती. जाताना वही माझ्या टेबलावर ठेवली. सर, पानावर सही करून ठेवा, म्हणाली, नंतर राहून जातं. तिच्या वहीतल्या प्रत्येक पानाखाली विभागप्रमुख म्हणून माझी सही लागते.

मी पान उघडलं. तिने सगळं लिहिलं होतं. आधीचे तीन दिवस रंग का आला नाही, तेही. ‘प्रोटीनचा खोका नवमीच्या पूजेत काही तास बाहेर राहिला. कोणाच्या लक्षात आलं नाही.’ मामांना सांभाळून घेतलं होतं तिने. मामांचं नावसुद्धा लिहिलं नव्हतं.

तिच्या जागी मी असतो तर लिहिलं असतं. नाव, वेळ, सगळं. माझा प्रयोग कोणी असा बुडवला असता तर मी त्या माणसाला कागदावर उभा चिरला असता. आणि ही पोरगी बसची घाई असताना दोन ओळींत एका माणसाला वाचवून गेली. तिच्या डिग्रीवर जळलो, बाटलीवर जळलो, ठेच्यावर जळलो, पण इतका कधी जळलो नव्हतो.

मामा झाडत होते. मी त्यांना म्हणालो, “मामा, तुम्ही सांगितलं का नाही तिला? मला विचारलं होतं म्हणून.”

“सर,” मामा झाडू न थांबवता म्हणाले, “ते तुमी सांगायचं असतंय.”

मी खिशातलं लाल पेन काढलं. ‘कोणाच्या लक्षात आलं नाही’ या ओळीवर आडवी रेघ मारली, आणि वर लिहिलं, ‘मला विचारलं होतं. मी हो म्हणालो. नळ्या वितळलेल्या मी पाहिल्या.’ खाली सही केली, तारीख घातली.

शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवलं. बघत बसलो. त्या पानावर तिच्या ओळी आणि माझ्या ओळी शेजारी शेजारी होत्या, आणि कोंबडीचे पाय माझे होते.